मोटारीचा मळ आणि तो काढणारीं द्रव्यें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. ज्या माणसाचीं अडतीस वर्षें खडूच्या धुळींत गेलीं, त्यानें मोटारी धुण्याच्या शास्त्रावर बोलावें, हें थोडें विनोदी आहेच. परंतु विषय वाटतो तितका क्षुद्र नाहीं. आज शहरांत बहुतेक घरांच्या दाराशीं एखादी गाडी उभी असते. ती धुण्यासाठीं आणलेली रंगीत द्रवाची बाटली न्हाणीघरांत, जिन्याखालीं, कधीं कधीं तर स्वयंपाकाच्या ओट्याखालींसुद्धां ठेवलेली असते. आणि त्या बाटलींत काय आहे हें तिच्या मालकाला ठाऊक नसतें. मलाही नव्हतें. तें कसें समजलें, तेथूनच आरंभ करतों.

मी अणदूरचा राहणारा. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत, सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आमचें गांव आहे. गांवाची ओळख खंडोबामुळें. देवाची मूर्ति वर्षांतला कांहीं काळ शेजारच्या नळदुर्गास असते व उरलेला काळ अणदुरांत. त्यामुळें भंडाऱ्याची उधळण दोन्ही गांवांच्या वांट्यास येते. आणि महामार्गावरचें गांव म्हटलें म्हणजे धूळ, डिझेलचा धूर, ग्रीस व काळें ऑइल हींही त्याच्या वांट्यास यावयाचींच. अशा रस्त्यांच्या कडेला पूर्वी नुसतीं गॅरेजें असत. आतां वॉशिंग सेंटरें असतात, आणि त्यांतल्या कांहींच्या पाटीवर 'डिटेलिंग' असा शब्द असतो. गाडीवर नुसती पाण्याची धार न मारतां तिचा रंग, चाकें, कांचा, बैठकी, डॅशबोर्ड, इंजिनाचा भाग यांतील प्रत्येकाची त्याच्या त्याच्या रीतीनें स्वच्छता करणें, याला तो शब्द लावतात.

निवृत्तीनंतर मीं एक जुनी मोटार घेतली. तिचीं चाकें अल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं, ज्यांना सर्व लोक अलॉय म्हणतात, तशीं होतीं व चांदीसारखीं चकाकत. एके दिवशीं गाडी धुण्यास नेली तों तेथें काम करणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानें मोठ्या आपुलकीनें गाडी धुवावयास घेतली. कॅनमधला गुलाबी द्रव पंपानें चाकांवर आणि इंजिनावर फवारला, पांच मिनिटें तसाच ठेवला, आणि मग पाणी मारलें. इंजिनावरचें वर्षानुवर्षांचें ग्रीस लोण्यासारखें वाहून गेलें. चाकांकडे पाहिलें तेव्हां मात्र माझा चेहरा उतरला. चांदीची चकाकी जाऊन तेथें राखेसारखा मंद रंग आला होता व त्यावर पांढरट ओघळ उमटले होते.

मी कांहीं बोलणार, तोंच माझें लक्ष त्याच्या हातांकडे गेलें. बोटांच्या टोकांचीं सालें निघालीं होतीं, नखांच्या कडा चिरल्या होत्या. "गुरुजी, औषध लई कडक हाय," तो म्हणाला, "गरम भाकरी हातांत धरवत न्हाई. पण त्याच्याबिगर ग्रीस निघत न्हाई." कॅनवर नांव नव्हतें, कीं कसली सूचना नव्हती. एका व्यापाऱ्याकडून तें सुटें येई, आणि कामाच्या सोयीसाठीं पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवीत. तसली एक अर्धी बाटली मुलांच्या जेवणाच्या डब्यांशेजारीं उभी होती. द्रव गुलाबी, सरबत म्हणून कोणीही तोंडाला लावावें असा.

या मुलाला आम्ल आणि आम्लारि यांचा धडा मींच शिकविला होता. आम्लारीनें तांबडा लिटमस निळा होतो, हें त्यानें तेव्हां घडाघडा म्हणून दाखविलें होतें, आणि त्या दिवशीं विचारलें असतें तरी म्हणून दाखविलें असतें. धड्यांतला आम्लारि आणि कॅनमधलें औषध हीं एकच वस्तु आहे, हें मात्र मीं त्याला कधीं सांगितलें नव्हतें. त्या संध्याकाळीं मीं जुनीं पाठ्यपुस्तकें पुनः काढलीं. पुढें जें सांगणार आहें तो त्याच राहिलेल्या धड्याचा उरलेला भाग समजावा.

मोटारीवरचा मळ दोन जातींचा असतो. धूळ, चिखल, पक्ष्यांची विष्ठा हा पहिला. त्याला पाणी व थोडा साबण पुरतो. दुसरा तेलाच्या जातीचा: ग्रीस, ऑइल, डांबराचे ठिपके, माणसाच्या हातांचा तेलकटपणा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, ही सारी अडचण. ती दूर करण्याचे तीन मार्ग आहेत, आणि तिन्ही आमच्या आज्यांना ठाऊक होते.

रिठा व शिकेकाई यांचा मार्ग पहिला. त्यांच्या फेंसांत असा पदार्थ असतो कीं, त्याच्या कणाचें एक टोंक पाण्याला धरून राहतें व दुसरें तेलाला. असे असंख्य कण तेलाच्या थेंबाभोंवतीं गोळा होतात, तेलाकडचीं टोंकें आंत खुपसतात, पाण्याकडचीं बाहेर ठेवतात, आणि तो थेंब पाण्याबरोबर चालूं लागतो. साबण व आजचा डिटर्जंट हेच काम करतात. दुसरा मार्ग चुलीच्या राखेचा. राखेंत क्षार असतो. तुपाचें भांडें राखेनें घांसलें कीं तो क्षार तुपाशीं संयोग पावतो आणि भांड्यांतल्या भांड्यांत थोडा साबणच तयार होतो. आजचा धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा हे या राखेचेच जबरदस्त वंशज. तिसरा मार्ग तेलानें तेल काढण्याचा: हाताला लागलेलें डांबर रॉकेलनें पुसावें, तसा. बाजारांतला 'ऑल पर्पज क्लीनर', म्हणजे सर्वोपयोगी क्लीनर, आणि 'डीग्रीजर', म्हणजे ग्रीस काढणारा, हे दोघे याच तीन मार्गांचें मिश्रण आहेत. पहिल्यांत फेंसाच्या द्रव्याचें काम अधिक; दुसऱ्यांत क्षार किंवा तेलविद्रावक अधिक. त्यामुळें कोणती बाटली चांगली असें विचारण्याआधीं, या तिघांपैकीं तींत कोण किती आहे, हें विचारावें लागतें.

क्षाराचा जोर मोजण्याची रीति डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं घालून दिली. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करीत. त्यांच्या मापाला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'सामू' म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखालीं आम्लें, त्यावर आम्लारि, आणि माप सामान्यतः शून्यापासून चौदापर्यंत. लिंबाचा रस दोनाच्या आसपास. खाण्याचा सोडा विरघळलेलें पाणी साधारण सव्वाआठ, धुण्याच्या सोड्याचें अकराच्या जवळ, आणि कॉस्टिक सोड्याचें तेरा-चौदा. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांतलें लोणारचें सरोवर पाहा. उल्केच्या आघातानें बसाल्ट खडकांत पडलेल्या त्या खळग्यांतलें पाणी इतकें क्षारयुक्त आहे कीं त्याचा सामू दहाच्या आसपास भरतो. तेथला क्षार पूर्वी कांच व साबण करण्यासाठीं काढीत. अबुल फजलाच्या आइन-इ-अकबरींतही या प्रदेशाच्या संबंधांत कांच व साबण यांचा उल्लेख येतो. म्हणजे मोटारीसाठीं मिळणारे पुष्कळसे सर्वोपयोगी क्लीनर लोणारच्या पाण्याच्या आगेंमागें आहेत, आणि जबर डीग्रीजर त्याच्या फार पलीकडे.

किती पलीकडे, हें समजण्यासाठीं सोरेन्सनच्या मापांतली एक खुबी ध्यानांत ठेवली पाहिजे. येथें प्रत्येक अंक मागच्या अंकाच्या दसपट असतो. सामू ९ आणि सामू १२ यांत तीन अंकांचें अंतर दिसतें. प्रत्यक्षांत क्षाराचा जोर हजारपट असतो. याच खुबीमुळें पुष्कळ लोक फसतात. कॉस्टिकच्या द्रवांत दहापट पाणी घातलें म्हणजे तो निरुपद्रवी झाला, असें त्यांना वाटतें. वास्तविक दहापट पाण्यानें सामू एकानेंच उतरतो, तेराचा बारा. शंभरपट घातलें तरी अकरा. त्या कॅनवर एखादी सूचना असती आणि मुलानें ती पाळून पाणी मिसळलें असतें, तरीही माझीं चाकें वांचलीं असतीं अशी खात्री देतां येत नाहीं.

चाकांचें काय झालें, तें गृहिणींना सांगण्याची गरज नाहीं. अल्युमिनियमचें पातेलें सोड्यानें घांसूं नये, काळें पडतें, हा अनुभव घरोघरचा आहे. अल्युमिनियमवर त्याच्याच भस्माचा एक अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याचें कवच. तीव्र क्षार तें कवच विरघळवतो, मग खालच्या धातूला खातो, आणि त्या क्रियेंत हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. मुलें त्या बुडबुड्यांनाच फेंस समजून खूष होत होतीं. चाकांवर वार्निश शाबूत असेल तर तें कांहीं वेळ राखण करतें. तें जुनें व तडकलेलें असेल तर पांच मिनिटें पुष्कळ झालीं.

हातांचें काय झालें, तें याहून अधिक विचार करण्यासारखें आहे. कॉस्टिकचें पाणी बोटाला लागलें कीं बोट बुळबुळीत लागतें. मुलांना वाटतें, चांगला साबण आहे. तो बुळबुळीतपणा खरोखरच साबणाचा असतो, पण तो साबण आपल्या त्वचेंतल्या स्निग्धांशापासून तेथल्या तेथें झालेला असतो. त्वचेचा स्वतःचा सामू पांचाच्या आसपास, म्हणजे किंचित् आम्ल. तिला बारा-तेराचा मारा सोसत नाहीं. आणि आम्लाप्रमाणें लगेच आग होईलच असें नसल्यामुळें हात काढून घेण्याची बुद्धि उशिरां होते. डोळ्यांची गोष्ट तर फारच वाईट. बहुतेक आम्लें डोळ्याच्या पृष्ठभागावरचीं प्रथिनें गोठवतात व त्या गोठलेल्या थरानें त्यांची पुढची वाट कांहींशी अडते. क्षार ऊतकें विरघळवीत आंत शिरत राहतो. म्हणून शिंतोडा उडाल्यास पहिलें काम एकच: स्वच्छ पाण्याची मंद धार, डोळा उघडा धरून, निदान पंधरा-वीस मिनिटें, आणि मग सरळ डॉक्टर. क्षारावर उतारा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू पिळण्याचा वेडेपणा कोणीं करूं नये. पोटांत गेल्यास ओकारी काढूं नये. जें जातांना अन्ननलिका भाजून गेलें तें येतांना पुनः भाजतें. तोंड धुवावें आणि बाटलीसह रुग्णालय गांठावें.

आतां आमच्या गांवच्या भंडाऱ्याकडे येतों. खंडोबाच्या दर्शनाहून परतलेल्या गाड्या पिवळ्याधमक झालेल्या असतात. आणि त्या साबणानें धुवावयास घेतल्या कीं पिवळा रंग एकाएकीं तांबडा होतो. नवखा मालक घाबरतो. घरांत ही चमत्कृति रोजची आहे. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला कीं डाग लालसर होतो. आणि हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच कुंकू करण्याची जुनी रीति आहे. हळद ही क्षार ओळखणारी, म्हणजे पाठ्यपुस्तकी भाषेंत एक 'दर्शक' आहे. सामू साडेसात-आठाच्या पुढें गेला कीं ती आपला रंग बदलते. गाडीवरचा भंडारा कोरड्या फडक्यानें घांसूं नये, कारण त्यांतली माती-धूळ रंगावर बारीक ओरखडे पाडते. साध्या पाण्याची धार सोडून तो आधीं वाहूं द्यावा, मग उदासीन, म्हणजे साताच्या आसपासच्या सामूचा मोटार-शांपू वापरावा. फटींत राहिलेला पिवळेपणा उन्हानेंच कांहीं दिवसांत उडतो. हळदीचा रंग उन्हापुढें टिकत नाहीं. कापडी बैठकींवरचा भंडारा मात्र ओला करण्यापूर्वीं कोरडाच झटकून किंवा ओढून काढावा.

याच गुणाचा दुसराही उपयोग आहे. हळद कालवलेल्या पाण्यांत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या भिजवून सांवलींत वाळवाव्यात. संशयित द्रवाचा एक थेंब, काडीनें, पट्टीवर ठेवावा. पट्टी पिवळी राहिली तर द्रव क्षारयुक्त नाहीं. तांबूस झाली तर आहे. मात्र ही हळद नऊ व तेरा यांतला भेद सांगत नाहीं, आणि आम्लापुढें ती पिवळीच राहते; म्हणून पिवळी पट्टी म्हणजे अभय नव्हे. नेमकें पाहावयाचें तर शाळांना प्रयोगशाळेचें साहित्य पुरविणाऱ्या दुकानांत सामू पाहण्याच्या तयार पट्ट्यांची लहान पुडी मिळते, सोबत रंगांचा तक्ता असतो. ज्या घरीं मोटार आहे त्या घराला तो खर्च जड जाऊं नये.

आम्लांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण माझ्या मतें घरगुती माणसानें मोटारीसाठीं तीव्र आम्लाच्या वाटेस जाऊंच नये. शौचकूप धुण्याचें आम्ल चाकांवर ओतणारे लोक मीं पाहिले आहेत. तें धातूला व क्रोमच्या मुलाम्याला खातें. चाकांसाठीं मिळणाऱ्या कांहीं द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतें. हीं नांवें बाटलीवर दिसलीं तर बाटली दुकानांतच राहूं द्यावी. तें आम्ल त्वचेंतून आंत शिरतें, शरीरांतल्या कॅल्शियमला धरतें, आणि सौम्य द्रव असला तर वेदना कित्येक तासांनीं सुरू होते. तोंवर उपचाराची वेळ टळत आलेली असते. चाकांवरच्या तांबड्या-तपकिरी डागांसाठीं, म्हणजे ब्रेकमधून उडालेल्या लोहकणांसाठीं, आतां वेगळें द्रव्य मिळतें. तें बहुधा उदासीन सामूच्या जवळपासचें असतें, लोखंडाशीं संयोग होतांच जांभळें होतें, आणि त्याला कुजक्या अंड्याच्या जातीचा वास येतो. वास सोसावा, आम्लापेक्षां तो बरा.

आणि दोन बाटल्या एकत्र करण्याची हौस कधींही करूं नये. कपडे पांढरे करणारें ब्लीच आणि शौचकूपाचें आम्ल एकत्र आलीं कीं क्लोरीन वायु निघतो. पहिल्या महायुद्धांत, १९१५ च्या एप्रिलमध्यें, बेल्जममधील ईप्र येथें खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तो हाच. ब्लीच व अमोनिया यांच्या संयोगानेंही विषारी वायु होतात. बंद न्हाणीघरांत किंवा तळघरांतल्या वाहनतळांत हा प्रयोग जिवावर बेतूं शकतो.

राहिला तिसरा मार्ग, तेलविद्रावकांचा. पेट्रोलनें ग्रीस उत्तम निघतें. परंतु पेट्रोलची वाफ शून्याखालीं चाळीस अंशांवरही पेट घेऊं शकते, मग आमच्या उन्हाळ्यांत काय बोलावें! रॉकेल व डिझेल यांना पेट घेण्यास अधिक उष्णता लागते, इतकाच फरक. तापलेल्या इंजिनावर फवारलें तर ती उष्णता तयारच असते. धुतल्यावर गाडीच्या पोटाखालीं डिझेलचा फवारा मारून ती काळीभोर चमकविण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. ती मला मुळींच पसंत नाहीं. डिझेलनें रबराचे भाग फुगतात व मऊ होतात, त्या तेलकटपणावर धूळ दुप्पट बसते, आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसांत तेलाचें धुकें जातें.

संत्र्याच्या सालीचें तेल घालून केलेले डीग्रीजर अलीकडे फार दिसतात व त्यांच्यावर 'नैसर्गिक' असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. नागपुरी संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडविण्याचा खेळ आपण सर्वांनीं लहानपणीं केला आहे. सालीचा रस फुग्यावर उडविला कीं फुगा फुटतो, हेंही मुलांना ठाऊक असतें. तो पदार्थ म्हणजे लिमोनिन. तो तेलाला उत्तम विरघळवतो, वासही चांगला. पण तो ज्वालाग्राही आहे, रबरावर फार वेळ राहूं देण्याजोगा नाहीं, आणि हवा लागून जुना झाला म्हणजे कित्येकांच्या त्वचेवर पुरळ उठवितो. निसर्गानें दिलें एवढ्यावरून पदार्थ सौम्य ठरत नाहीं. बिब्बाही निसर्गाचाच आहे. कांहीं क्लीनरांत ब्यूटॉक्सीइथॅनॉल नांवाचें विद्रावक असतें. तें धडधाकट त्वचेंतूनही आंत शिरतें, म्हणून हातमोजे. त्याचप्रमाणें 'बायोडिग्रेडेबल' या शब्दाचा अर्थ जंतु त्याचें कालांतरानें विघटन करतात इतकाच. तें आज तुमच्या डोळ्यांत गेलें तर काय होईल, याविषयीं तो शब्द मौन पाळतो. आणि विघटन झालें म्हणजे संपलें असेंही नेहमीं नसतें. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट या जातीच्या फेंसद्रव्यांचें पाण्यांत विघटन होऊन जो नोनिलफेनॉल उरतो, तो माशांच्या अंतःस्रावांत ढवळाढवळ करतो. म्हणून युरोपीय संघानें २००३ च्या निर्देशानें त्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या.

तेव्हां बाटली निवडावी कशी? सुटें, निनांवी द्रव्य कितीही स्वस्त असो, घेऊं नये. बाटलीवर करणाऱ्याचें नांव, पाणी मिसळण्याचें प्रमाण व धोक्याच्या खुणा असाव्यात. तांबड्या चौकटीच्या चौकोनी चिन्हांत हातावर व धातूवर द्रव सांडल्याचें चित्र असेल तर तें दाहक; उद्गारचिन्ह असेल तर त्वचा-डोळ्यांना त्रासदायक पण तुलनेनें सौम्य; ज्वाला असेल तर पेट घेणारें. चांगल्या कंपन्या आपल्या मालाचें सुरक्षा-पत्रक, ज्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात, संकेतस्थळावर ठेवतात किंवा मागितल्यास देतात. त्यांत सोळा विभाग असतात. सर्व वाचण्याची गरज नाहीं. दुसऱ्यांत धोके, तिसऱ्यांत घटक, चौथ्यांत प्रथमोपचार, आणि नवव्यांत सामू असतो. नवव्या विभागांत साडेबाराच्या पुढचा अंक दिसला तर ती बाटली गॅरेजच्या फरशीसाठीं ठीक. चाकें, बैठकी व उघडे हात यांच्यासाठीं नव्हे. घरगुती कामाला नऊ ते साडेदहापर्यंतचा क्लीनर माझ्या अनुभवांत पुरेसा आहे, आणि गाडीच्या रंगाला नुसता उदासीन शांपू.

किमतीचा हिशेब करतांना गणित विसरूं नये. 'एकास दहा' म्हणजे एक भाग द्रव्य व दहा भाग पाणी. एक लिटरचे अकरा लिटर होतात. समजा, अशी बाटली पांचशें रुपयांस पडली, तर तयार द्रव लिटरला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास पडतो. शेजारीं दोनशें रुपयांना मिळणारी एक लिटरची तयार फवाऱ्याची बाटली स्वस्त दिसते, ती वस्तुतः चौपटीहून महाग आहे. मिसळतांना आधीं पाणी घ्यावें व त्यांत द्रव्य ओतावें, उलट करूं नये. मिश्रण ज्या बाटलींत भराल तिच्यावर नांव, प्रमाण व तारीख ठळक लिहावी. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत तें कदापि भरूं नये. या एका वाक्यासाठीं बाकीचें सर्व भाषण विसरलें तरी माझी हरकत नाहीं.

वापरण्याची रीतही निवडीइतकीच महत्त्वाची. मराठवाड्यांतल्या चैत्र-वैशाखांत उन्हांत उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाहीं. तेथें फवारलेला क्लीनर क्षणांत वाळतो आणि वाळतां वाळतां घट्ट होऊन डाग पाडतो. म्हणून सकाळीं लौकर किंवा सांवलींत, एका वेळीं एकच भाग घ्यावा, आणि द्रव वाळण्यापूर्वीं धुवावा. नव्या द्रव्याची परीक्षा आधीं न दिसणाऱ्या कोपऱ्यांत करावी. सौम्य मिश्रणापासून आरंभ करून गरज पडेल तसें तीव्र करावें. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. गाडीच्या रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी मिलिमीटरचा साधारण दहावा भाग, आणि त्यावरचा पारदर्शक थर तर केसाहूनही पातळ. तेथें घाई परवडत नाहीं. इंजिन पूर्ण थंड असावें, बॅटरी, वायरींचे सांधे व हवा घेण्याचें तोंड प्लास्टिकनें झांकावें, आणि पाण्याची जोरकस धार मारण्याऐवजीं ब्रशनें घांसून ओल्या फडक्यानें पुसावें. आंतल्या बाजूला द्रव फडक्यावर घ्यावा, थेट डॅशबोर्डवर फवारूं नये. बटणांच्या मागें विजेचीं यंत्रें आहेत. मागाहून साध्या ओल्या फडक्यानें पुन्हां पुसलें नाहीं तर राहिलेला अंश चिकट होऊन धूळ धरतो. पडद्याला ओलसर मायक्रोफायबरचें फडकें पुरतें. कांचांना आंतून फिल्म लावलेली असेल तर अमोनियाचा क्लीनर लावूं नये. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत, आणि डोळ्यांना बाजूंनीं बंद चष्मा. माझ्यासारख्यांचा वाचण्याचा चष्मा त्या कामाचा नव्हे.

पाण्याविषयीं बोलल्यावांचून आमच्या भागांतल्या माणसाला राहवणार नाहीं. बसाल्टच्या खडकांतलें बोअरचें पाणी बहुधा जड असतें. तें वाळलें कीं गाडीवर पांढरे ठिपके उरतात व लोकांना वाटतें शांपू वाईट. धुतल्यावर गाडी लगेच पुसून कोरडी केली कीं ठिपके पडत नाहींत. दुसरें असें कीं, २०१६ च्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तें दृश्य येथल्या लोकांनीं पाहिलेलें आहे. एका गाडीवर नळी मोकळी सोडून शेंकडों लिटर पाणी वाहवणें मला सोसत नाहीं. दोन बादल्या पुरतात: एकींत शांपूचें पाणी, दुसरी फडकें खळबळण्यासाठीं. आणि हें पाणी कोठें जातें, तेंही पाहावें. ग्रीस व क्षार यांनीं भरलेला ओघळ विहिरीच्या, आडाच्या किंवा ओढ्याच्या दिशेला जात असेल तर जागा बदलावी. मोठा काळा मळ आधीं चिंध्यांनीं पुसून घेतला तर पाण्यांत जाणारा भाग पुष्कळ कमी होतो.

त्या मुलाची हकीकत अपुरी राहिली. त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनीं सामूच्या पट्ट्या घेऊन मी पुन्हां तेथें गेलों. गुलाबी द्रवाचा थेंब ठेवतांच पट्टी तक्त्याच्या शेवटच्या रंगावर जाऊन थांबली. मुलांनीं तक्ता हातांत घेऊन आणखी काय काय तपासलें म्हणतां! हात धुण्याचा साबण, चहा, बोअरचें पाणी, लिंबू, बॅटरीजवळचा पांढरा भुगा. सातवीच्या वर्गांत जो धडा मीं दोन तासांत उरकला, तो तेथें सबंध दुपारभर चालला. मालकाला माझें म्हणणें प्रथम रुचलें नाहीं. सौम्य द्रव्यानें एका गाडीला दहा मिनिटें अधिक लागतात व दहा मिनिटें म्हणजे पैसा. हिशेब मांडून दाखविला तेव्हां, सुटें द्रव्य लिटरला स्वस्त असलें तरी गाडीला महाग पडतें, हें त्याला पटलें. हातमोजांचे पैसे त्यानें दिले. चष्मे मुलांनीं आपल्या पैशानें घेतले, हें मला आवडलें नाहीं व तसें मीं त्याला सांगितलें. चष्म्यांविषयीं त्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

मुलाच्या बोटांना बरें व्हावयास दोन महिने लागले. डब्यांशेजारची बाटली गेली; आतां कॅनवर त्यानें स्वतःच्या अक्षरांत नांव, प्रमाण आणि सामूचा अंक लिहिला आहे, आणि अक्षर शाळेंत होतें त्याहून बरें आहे. माझ्या चाकांवरचे ओघळ तसेच आहेत. नवीं चाकें घ्यावींत असें घरच्यांचें म्हणणें पडतें. मीं अजून घेतलेलीं नाहींत.